थांबाबाई

आमच्या वन्संना सकाळचा चहा कधी वेळेवर मिळाला नाही, आणि त्याचं कारण मी. उठून अंघोळ करून जपाची माळ घेऊन बसायचं आणि एक माळ पुरी झाल्याशिवाय गॅसला हात लावायचा नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. दुपारच्या चहाआधीही तेच. वन्सं म्हणजे यांच्या मोठ्या बहीण. त्या तोवर ड्युटीचे पांढरे कपडे चढवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"वहिनी, देवाशी बोलणं झालं का? का आज लाइन लागत नाहीये?"

मी ओठ न थांबवता बोट वर करायचे. थोडंच राहिलंय, अशा अर्थानं.

"सात मिनिटं," मनगटावरचं घड्याळ बघत त्या म्हणायच्या. "तुझी एक माळ म्हणजे सात मिनिटं. तेवढ्यात माझी दोन ड्रेसिंगं होतात. देवाला माझा नमस्कार सांग. म्हणावं, तिला ड्युटी आहे."

तुम्ही म्हणाल, मग बाईंनी स्वतः चहा करून घ्यायचा. मीही एकदा तसं म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मी केलेल्या चहाला टिंक्चरचा वास येतो. हाताला लागलाय तो जात नाही." एकवीस वर्षं हे असं चाललं. लग्नापासूनच्या माझ्या रोजच्या वह्यांमध्ये वन्सं कुठल्या ना कुठल्या पानावर आहेतच. त्या वह्या समोर ठेवून आज हे लिहिते आहे.

त्या स्टेशनामागच्या मोठ्या हॉस्पिटलात अपघात वॉर्डाच्या सिस्टर होत्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वॉर्डात चाळीस खाटा आहेत. घरी एकेचाळिसावी कशाला?" विचारणारा हसायचा आणि विषय बदलायचा. त्यांना तेच हवं असायचं.

हॉस्पिटलात त्यांना मोठ्या सर्जनपासून झाडूवालीपर्यंत सगळे थांबाबाई म्हणत. पेशंटला स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायला चार जण वाकले, की वन्संचा हात आडवा. "थांबा!" मग मान कशी आहे, हात कुठे अडकलाय, नळी कुठून कुठे गेलीय, ह्या सगळ्यावरून त्यांची नजर फिरून यायची. आणि मग हलकेच, "हं. आता." नवे वॉर्डबॉय वैतागायचे. आमच्या घरीही तेच. कपाट सरकवायचं, थांबा. पाण्याचं पिंप हलवायचं, थांबा. हे गरम पातेलं धरायला गेले तर, "थांब! फडकं कुठाय?" हे पन्नाशीला आले तरी ताईसमोर पाच वर्षांचेच.

आमची मुलगी चालायला शिकली तेव्हाचं एक पान आहे. ती उंबऱ्याला अडखळून तोंडावर पडली. मी धावले. वन्संनी माझा दंड धरला. "थांब. आधी तिला रडू दे. रडली म्हणजे शुद्धीत आहे." मुलगी रडली, मग त्यांनी सोडलं. मला इतका राग आला की त्या दिवशी मी वहीत लिहिलं, "वन्संचं काळीज दगडाचं आहे." ते वाक्य अजून तिथंच आहे. मी खोडलेलं नाही.

त्या 'थांबा' मागे काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. त्या घरातल्या जुन्या चादरी टाकू द्यायच्या नाहीत. धुऊन, इस्त्री करून, फाडून त्यांच्या पट्ट्या करायच्या, गुंडाळून डब्यात भरायच्या, हा त्यांचा सुट्टीतला उद्योग. एका दुपारी आम्ही दोघी पट्ट्या फाडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "वन्सं, तुम्ही 'थांबा' म्हणता, 'हं, आता' म्हणता. पण 'उचला' असं कधी म्हणत नाही." हे मी मोठं काही ओळखलं म्हणून बोलले नव्हते. वर्षानुवर्षं ऐकून लक्षात आलं होतं, एवढंच.

त्यांच्या हातातली चादर थांबली.

"एकदा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. दोन गाड्यांची टक्कर झाली होती आणि हॉस्पिटलातून जी पहिली तुकडी गेली, तिच्यात त्या होत्या. एका डब्यात एक भूगोलाचे मास्तर अडकले होते. समोरचा बाक मुळापासून उपटून त्यांच्या दोन्ही मांड्यांवर बसला होता, आणि बाकावर डब्याचं छत. चार तास ते तसेच. पण माणूस गप्पिष्ट. रक्त नाही, वेदना नाही. "सिस्टर," ते म्हणाले, "तीस वर्षं मुलांना नकाशा शिकवला, पण हा डबा नक्की कुठे आहे ते काही सांगता येत नाही बुवा." वन्सं त्यांना घोट घोट पाणी देत बसल्या होत्या. शेवटी पहारी आल्या, सहा माणसं आली. सगळे ह्या तरण्या सिस्टरच्या तोंडाकडे बघू लागले. तिथं तेव्हा पांढरे कपडे घातलेलं दुसरं कुणी नव्हतं.

"आणि मी ओरडले, उचला!"

बाक उचलला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, "अहाहा, पाय कसे हलके झाले." "मीही वाजवल्या," वन्सं म्हणाल्या. दहा मिनिटांनी, अँब्युलन्समध्ये, बोलता बोलता मास्तरांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. हात वन्संच्या हातात होता.

म्हाताऱ्या सर्जननी त्यांना नंतर समजावलं. दाबलेल्या स्नायूंत तासन् तास विष साठत जातं. वजन आहे तोवर ते तिथंच कोंडलेलं असतं. वजन उचललं की एकदम सगळं रक्तात येतं आणि हृदय बंद पाडतं. त्यातून वाचला तर मूत्रपिंडं जातात. म्हणून आधी शिरेतून भरपूर सलाइन द्यायचं, आणि वजन मागाहून काढायचं.

"डॉक्टर म्हणाले, तुझी चूक नाही, तुला कुणी शिकवलंच नव्हतं. खरं आहे. नव्हतंच शिकवलं." वन्संनी चादर पुन्हा फाडायला घेतली. "पण 'उचला' कोण म्हणालं, वहिनी?"

 देवाच्या इच्छेबद्दल काहीतरी माझ्या तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. काही गोष्टी देवावर ढकलल्या की समोरच्याला आपण एकटं टाकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

वन्सं निवृत्त झाल्या, त्याला दोन वर्षं झाली असतील. सकाळचे नऊ वाजले होते. हे कामावर गेले होते, मुलगी कॉलेजात. वन्सं पेपर वाचत होत्या आणि मी भाजी चिरत होते. एकाएकी लोखंडी पिंपांची रांगच्या रांग जिन्यावरून गडगडत यावी तसा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग थांबला, आणि त्यानंतर जी शांतता पसरली ती त्या आवाजाहून वाईट होती.

वन्संनी पेपर खाली ठेवला. "फाटकाजवळ," त्या म्हणाल्या. रेल्वेचं फाटक आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी तशीच दाराकडे निघाले.

"थांब! चपला नको. बूट घाल. काचा असणार."

"माझ्याकडे कुठले बूट?"

"त्याचे घाल. आणि पट्ट्यांचे डबे घे. सगळे."

अशी मी यांचे बूट घालून, फटक फटक करत, दोन्ही काखांत डबे घेऊन वन्संच्या मागे धावले. माळ कमरेला खोचलेली होती. ती नेहमीच असते.

पॅसेंजर गाडीचे शेवटचे तीन डबे रुळावरून उतरून खाली उताराला गेले होते. दोन तिरपे उभे, तिसरा पूर्ण आडवा. माणसं खिडक्यांतून बाहेर येत होती. कुणी कुणाला हाका मारत होतं. वन्सं फाटकवाल्याच्या केबिनच्या पायरीवर चढल्या आणि ज्या आवाजानं चाळीस खाटांचा वॉर्ड हलायचा त्या आवाजात ओरडल्या, "ज्यांना ज्यांना चालता येतंय, त्यांनी सगळ्यांनी इकडे केबिनकडे या!"

माणसं उठली, लंगडत, एकमेकांना धरून आली. शंभरएक तरी असतील.

"हे झाले बरे," वन्सं मला म्हणाल्या. "जे आले नाहीत, ते आपले."

कुणाच्या डोक्यावर वरच्या फळीवरची ट्रंक पडली होती. कुणाचं तोंड समोरच्या बाकाच्या कडेवर आपटून दात गेले होते. कुणाच्या अंगात काचा. मी पट्ट्या बांधत सुटले. एक तरणाबांड माणूस मोडलेला हात धरून आकांत करत होता. वन्सं त्याला ओलांडून पुढे गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "ओरड रे दादा, झकास ओरडतोयस. छाती शाबूत आहे." आणि एक आजोबा उतारावर शांत बसले होते, पोटावर हात ठेवून. "मला काही नाही बाई, आधी बायकामाणसांना बघा." वन्संनी त्यांचा हात बाजूला केला, पोट दाबलं. फळीसारखं कडक. जी पहिली गाडी हॉस्पिटलकडे निघाली तिच्यात त्यांनी आजोबांना घातलं. पोटात आतल्या आत रक्त जात होतं, असं नंतर कळलं. आजोबा वाचले.

ह्यात तीन तास गेले. हॉस्पिटलच्या गाड्या येत होत्या, भरून जात होत्या; डॉक्टर सगळे तिकडेच अडकले होते. बाराच्या सुमाराला आडव्या पडलेल्या डब्याकडून कुणीतरी हाक मारली, "सिस्टर, इथे एक बाई अडकलीय!"

आम्हाला खिडकीतून आत उतरावं लागलं. उतरताना वन्संचं मनगट चौकटीवर आपटलं आणि घड्याळाची काच फुटून काटे थांबले. आत खिडक्या जमिनीला लागल्या होत्या आणि बाक भिंतींसारखे उभे होते. एका बाकाची लोखंडी चौकट वाकून त्या बाईच्या डाव्या मांडीवर रुतली होती. तिशीची असेल. शिवणकाम शिकवायची, हे नंतर तिनंच सांगितलं. तिचा नवरा वेल्डर. त्याचं डावं मनगट मोडून लटकत होतं आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. पहिला तासभर त्यानं दोन-तीन माणसांना घेऊन हातांनी प्रयत्न केले होते. मग रस्त्यावर जाऊन एकामागून एक ट्रक थांबवले होते. शेवटी एकाकडून जॅक मिळाला. तो त्यानं चौकटीखाली नीट बसवला होता. लोखंडाचा माणूस, वजन कुठून उचलायचं ते त्याला बरोबर कळत होतं. दांड्याला हात घालणार, तेवढ्यात वन्सं.

"थांबा!"

"कोण तुम्ही?"

"सिस्टर."

"सिस्टर ना? मग बाजूला व्हा आणि उचलू द्या. तीन तास झाले!"

"तीन तास झाले म्हणूनच थांबा."

त्यांनी त्याला सांगितलं. चार वाक्यांत, लहान मुलाला सांगावं तसं. विष, रक्त, छाती, सलाइन. तो ऐकत होता, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. त्याची बायको त्याच्यासमोर चांगली बोलत होती, त्याला हाक मारत होती.

"शुद्धीत आहे ती! बोलतेय बघा!"

"तेही बोलत होते," वन्सं म्हणाल्या.

कोण, ते त्या डब्यात फक्त मला माहीत होतं.

रस्त्यावरच्या दवाखान्याचा कंपाउंडर पिशवीभर बाटल्या घेऊन आला होता. वन्संनी एकेक लेबल वाचलं आणि दोन बाटल्या बाजूला ठेवल्या. त्यांत जो क्षार होता तोच चेंगरलेल्या पायातून रक्तात येणार होता, तो वरून आणखी नको. मग त्यांनी तिच्या हातात सुई घातली, पहिल्याच खेपेला, आणि बाटली माझ्या हातात दिली. "उंच धर."

"किती वेळ?"

"दोन बाटल्या, म्हणजे एक लिटर, आत जाईपर्यंत. घाईनं नाही, सावकाश नाही. तासाभरात." त्यांनी आपल्या फुटलेल्या घड्याळाकडे बघितलं. बाहेर कुणाकडे ना कुणाकडे घड्याळ असणारच, मी हाक मारायला निघाले. "नको," त्या हळूच म्हणाल्या. "बाहेरून कुणी मिनिटं मोजायला लागलं तर हा माणूस वेडा होईल. तुझी माळ आहे ना? ओढ. प्रत्येक माळ झाली की मला सांग."

एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात माळ, अशी मी उभी राहिले. आयुष्यात मी इतकं मन लावून नामस्मरण केलं नाही, आणि इतकी भ्यालेही कधी नव्हते. घाईनं मणी ओढले तर वेळ चुकेल, हळू ओढले तर चुकेल. रोजच्यासारखी, रोजच्यासारखी, असं मनाला बजावत होते.

"एक."

वन्संनी बाटलीतली पातळी बघितली, चिमटा थोडा सैल केला.

शिवणवाल्या बाईनं सुई हलू नये म्हणून दंडावर बांधलेल्या पट्टीकडे पाहिलं. "ह्या पट्ट्या कुणी फाडल्यात?"

"माझ्या वहिनीनं."

"धाग्याला धरून फाडलेल्या नाहीत. कडा बघा कशा तिरक्या गेल्यात."

"तिचं अर्धं लक्ष वर असतं," वन्सं म्हणाल्या. ती बाई हसली. मग म्हणाली, "पाय दुखत नाहीये अजिबात," आणि तिचं हसू मावळलं. शिकवणारी बाई होती. दुखत नाही हे बरं लक्षण नव्हे, हे तिला कळलं होतं. वन्संनी खोटा धीर दिला नाही. नुसती नाडी धरून बसल्या.

"दोन." "तीन."

नवरा बाहेर जायचा, परत आत यायचा. बाहेर गर्दी वाढली होती. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "म्हातारी मारणार तिला." दुसरा म्हणाला, "रिटायर झालेली आहे म्हणे. हिला विचारतंय कोण?" मला ऐकू येत होतं, म्हणजे वन्संनाही येत होतं. त्याहून वाईट म्हणजे त्यालाही येत होतं.

"पाच," मी म्हटलं, आणि तो खिडकीतून उडी मारून आत आला. सरळ जॅककडे गेला आणि उजव्या हातानं दांडा धरला.

वन्सं ओरडल्या नाहीत. जॅकचं डोकं आणि चौकट ह्यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. तिच्यात त्यांनी आपल्या डाव्या हाताची बोटं घातली.

"फिरव," त्या म्हणाल्या. "आधी ही जातील. मग तिच्यावरचं वजन निघेल."

तो दांडा धरून उभा राहिला.  त्याच्या बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि नवऱ्याला रोजच्या बोलण्यात म्हणावं तसं म्हणाली, "अहो, सोडा ना. त्या काय मजा म्हणून बसल्यात का?"

त्यानं दांडा सोडला. पण वन्संनी बोटं काढली नाहीत. उरलेल्या चार माळा डावा हात लोखंडात आणि उजवा हात तिच्या नाडीवर. माझा हात भरून आला होता. मी बाटली डोक्यावर टेकवून धरली.

"नऊ."

दुसरी बाटली संपली होती. वन्संनी तिसरी लावून घेतली, बोटं बाहेर काढली, ती निळी पडली होती. त्यांनी त्या बाईची मान बघितली, हात बघितला, नळी बघितली. कपाळावर घाम होता. चोवीस वर्षांची ती मुलगी मला क्षणभर त्यांच्या तोंडावर दिसली.

"हं," त्या वेल्डरला म्हणाल्या. "आता. हळू. एकेक फेरा."

चौकट वर आली. बाई पांढरीफटक पडली, तिचे डोळे फिरले. वन्संची दोन बोटं तिच्या गळ्यावर. त्या वेळी मी माळ ओढत नव्हते. देवाचं नावही आठवत नव्हतं. म्हणून किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग वन्संनी श्वास सोडला. "चालू आहे."

घरी येऊन मी ते जुनं पान काढलं. "वन्संचं काळीज दगडाचं आहे." त्याच्याखाली लिहिलं, "नऊ माळा." दुसरं काही सुचलं नाही.

त्या बाईची मूत्रपिंडं काही दिवस बंद पडली, मशीनवर ठेवावं लागलं, मग सुरू झाली. पाय मात्र तिसऱ्या दिवशी मांडीतून काढावा लागला.

आणि महिन्याभरानं तक्रार आली. वेल्डरनं हॉस्पिटलला लिहून दिलं होतं. निवृत्त झालेल्या, कुठलाही अधिकार नसलेल्या बाईंनी एका तासाहून जास्त वेळ अडवून धरलं म्हणून माझ्या बायकोचा पाय गेला. हे भडकले. "ताईनं जीव वाचवला आणि हा तक्रार करतोय?" वन्संनी त्यांना गप्प केलं. "त्याला विचारायचा हक्क आहे. विचारू दे."

सर्जनच्या खोलीत बोलावलं होतं. सर्जन नवे, वयानं तरुण. एका बाजूला वेल्डर, हात प्लास्टरमध्ये. बाटली मी धरली होती म्हणून मलाही बोलावलं होतं.

"नेमका किती वेळ लागला?" सर्जननी विचारलं.

"तास, दीड तास," वेल्डर म्हणाला. "जास्तच."

"नऊ माळा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मी वही पुढे केली. त्यांनी वाचलं आणि वर बघितलं. "एका माळेला किती वेळ लागतो?"

"सात मिनिटं," वन्सं म्हणाल्या. "एकवीस वर्षं चहासाठी थांबलेय मी."

सर्जन हसले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "करून दाखवा."

अशी मी त्या औषधांच्या वासाच्या खोलीत, तीन माणसांसमोर, डोळे मिटून एक माळ ओढली. कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटचा मणी झाला तशी मान हलवली.

"सहा मिनिटं बावन्न सेकंद," सर्जन म्हणाले. कागदावर हिशोब केला. "तासाला एक लिटर. पुस्तकात हेच आहे."

"आणि पाय?" वेल्डरनं विचारलं.

सर्जननी पेन खाली ठेवलं. "पाय बहुधा तुम्ही जॅक आणलात त्याच्या आधीच गेला होता. पण खात्रीनं नाही सांगता येत. अर्धा तास आधी वजन काढलं असतं तरी कदाचित चाललं असतं. कदाचित ती तुमच्या हातात गेली असती. मी तिथं नव्हतो." मग वन्संना, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"त्यांनी विचारलं ते बरोबर केलं," वन्सं म्हणाल्या. "माझ्या वेळी विचारायला कुणी आलंच नाही. मास्तरांच्या घरचं कुणी आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं."

वेल्डर उठून निघून गेला. आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, चहा टाक. आणि आज माळ नको मध्ये."

मी टाकला. लग्नानंतर तो एकच चहा मी असा टाकला असेल.

पुढे पाच-सहा वर्षांनी वन्संनी अंथरूण धरलं. पोटात गाठ होती, उघडून बघितली आणि परत शिवली. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलात नको, घरीच. सलाइन घरी लावायचे. स्टँड नव्हता म्हणून बाटली खिडकीच्या गजाला नाडीनं बांधलेली असायची.

एका दुपारी दार वाजलं. शिवणवाली बाई होती, कृत्रिम पाय, हातात काठी. तिच्या मागे दोन पावलांवर तो. तो आत आलाच नाही, दारात उभा राहून गजाला बांधलेल्या बाटलीकडे बघत राहिला आणि निघून गेला. बाई खाटेपाशी बसून बोलत राहिली, शिवणाच्या वर्गातल्या गमती सांगत राहिली. पायाचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बायकोबरोबर लोखंडी स्टँड घेऊन आला. स्वतः जोडलेला, रंग अजून ओला. खाटेशी ठेवला तर डगमगला. वन्संनी डोळे किलकिले करून बघितलं.

"वेल्डर, ह्याचा एक पाय आखूड आहे."

मी त्याच्या बायकोकडे बघितलं. तर ती आधीच हसत होती. "माप माझ्यावरून घेतलंय त्यांनी!" आणि मग तोही हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यानं पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.

त्यानंतर तो अधूनमधून येऊ लागला. फार बोलायचा नाही. वन्संना कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, अशी कामं आम्हा दोघांना झेपत नव्हती.

त्या गेल्या, त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. चादर बदलायची होती. डोक्याकडे हे, पायांकडे मी, मधे तो. आम्ही वाकलो. सवयीनं मी थांबले, वन्संच्या 'थांबा'साठी. त्यांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलले नाहीत. यांनी चादरीखाली हात घातला.

"थांबा," वेल्डर म्हणाला.

त्यानं आधी मान बघितली. मग खांद्याखाली अडकलेला हात सोडवून छातीवर ठेवला. नळी कुठून कुठे गेलीय ते बोटानं चाचपून पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "आता."

चादर बदलून झाली. वन्संनी डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शिकला," त्या म्हणाल्या.